धाकलीची तीट आणि ब्रातिस्लाव्हा

नियोजन या एका बाबतीत माझा हात धरेल असं माणूस झाईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात नाही, हे मी आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून आत्ताच!

हे लिहितेय तेव्हा माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी अडकवलेली आहे. झोळीत धाकली. पाय हलतोय तोवर ती झोपलेली, आणि ती झोपलीय तोवर मी लेखिका. मध्येच एखादं वाक्य लंगडं वाटलं, तर पायाला मुंग्या आल्या असं समजा.

तर, डॅन्यूब नदीच्या काठावर ब्रातिस्लाव्हा नावाचं एक शहर आहे. युरोपात. ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही ऐकलं नव्हतं. पण आज मला गाढ झोपेतून उठवून विचारा! बस कुठे सोडते, किल्ल्याचा चढ कुठे सुरू होतो, कुठल्या गल्लीतल्या दगडांत बाळाची ढकलगाडी अडकते, कुठल्या पुलावरून फुकटात सगळ्यात जास्त नदी दिसते, सगळं सांगेन. धाकलीच्या दुपारच्या झोपा मोडून मी ते शहर पाठ केलंय. त्यात पाऊल मात्र ठेवलेलं नाही. आता ठेवीन असंही दिसत नाही. का, तेच सांगायला बसलेय.

माझा नवरा, उमेश, तिकडच्या नदीवरच्या प्रवासी बोटीत स्वयंपाकघरात कामाला आहे. "घरची बोट सोडून लोकांच्या बोटीत कांदे सोलायला गेला," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तो गेला तेव्हा धाकली माझ्या पोटात होती. म्हणजे बापाने लेकीला आणि लेकीने बापाला आजवर पाहिलंय ते फक्त फोनमध्ये. तळहाताएवढं. धाकलीचा तर ठाम समज झालाय की पप्पा म्हणजे चपटी, काळी, चार्जिंगला लावायची एक वस्तू! घरात कुणाचाही फोन दिसला की ती "पप्पप्प" करत झेपावते आणि चाटून काढते. परवा सासऱ्यांच्या बटणांच्या फोनलाही बाप केलंन. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडून आले.

उमेश दिवाळीत येणार होता. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आता होळी. आणि तेवढ्यात त्याचा फोन आला.

"योगिता, ऐक. नोव्हेंबरात आमची बोट रंगवायला काढतायत. तीन दिवस ब्रातिस्लाव्हाच्या धक्क्याला. मला तिन्ही दिवस सुट्टी!"

"मग?"

"मग काय? या की दोघी!"

जणू बोर्डीला बोलावत होता! पण माझ्या डोक्यात त्याच क्षणी चक्रं फिरायला लागली. तीन दिवस. बाप एवढा मोठा असतो, त्याला वास असतो, तो उचलून वर फेकतो आणि झेलतो, हे पोरीला कळायला तीन दिवस पुष्कळ झाले! आणि मी ते स्वस्तात बसवणार होते. स्वस्तातलं विमान, पुढे बस, सामाईक न्हाणीघराची खोली, सोबत छोटा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ. हॉटेलातलं जेवण नाही, टॅक्सी नाही, तिकीट लागेल असं काहीही बघायचं नाही. नदीकाठी बाकावर बसायचं. बाक फुकट. नदी फुकट. बाप तर आपलाच!

आता राहिल्या सासूबाई. गाव त्यांना मालूबाय म्हणतं आणि जरा वचकूनच म्हणतं. मी त्यांना गाठलं ते वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या ज्या मांडणीवर आम्ही बोंबील सुकायला टांगतो तिथे.

"आई, मी आणि धाकली जाऊन यांना भेटून येऊ का? तीन दिवस."

"खयं?"

"नदीकाठी एक गाव आहे..."

"तीन दिवसांसाठी विमान? अगो, माहेरी गेलीस तरी तीन दिवसांत तुझी पिशवी रिकामी होत नाही!"

"आई, त्यांनी पोरीला एकदाही हातात घेतलेलं नाही हो."

त्या थांबल्या. हातातला बोंबील दोरीवर टाकला, पदराला हात पुसले. आपल्या लेकाने स्वतःच्या लेकीला हातात घेतलेलं नाही, हे बहुतेक त्यांना इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

"जा," म्हणाल्या. "पण पोरीला नजर लागता कामा नये. सांगून ठेवते!"

एवढ्यावर सुटले, असं मला वाटलं. मूर्ख मी!

इथे तुम्हाला सासूबाईंचं नजरशास्त्र सांगणं भाग आहे. तीट तर सगळेच लावतात. बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका, विषय संपला. सासूबाईंकडे विषय तिथून सुरू होतो. त्यांचं पहिलं कलम, काजळ घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात खललेलं. होडीला लावायच्या डांबराची धाकटी बहीणच ती! साबणाला दाद देत नाही. दुसरं कलम, तीट रोज वेगळ्या जागी. "नजर हुशार असते गो. दोन दिवस एकाच जागी बघितलं की तिला ठिपक्याची सवय होते. तिसऱ्या दिवशी ठिपका सोडून पोरीला लागते." म्हणून आज उजवा गाल, उद्या डावा, परवा हनुवटी, तेरवा कपाळ. आणि तिसरं कलम सगळ्यांत कडक. फोटो काढताना तीट मोठी. का? तर, "माणूस बघतो नि डोळा मिटतो. फोटो म्हणजे न मिटणारा डोळा!"

आता न मिटणाऱ्या डोळ्याशिवाय पासपोर्ट होतो का? नाही होत!

डहाणूला जतीनभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नापासून बारशापर्यंत आमच्या घरातलं सगळं त्यांनीच टिपलंय. मी रस्त्यात धाकलीचा गाल घासघासून पुसला. स्टुडिओत पांढरी चादर धरून मी तिच्या मागे लपले, कारण फोटोत बाळाशिवाय कुणी दिसायचं नाही. सासूबाई पुढे उभ्या राहून चुटक्या वाजवत होत्या.

"बघा इकडे! बघा आजी! हां... एक मिनिट जतीन!"

ते एक मिनिट मी चादरीआड होते. त्या एका मिनिटात सासूबाईंनी कनवटीची डबी उघडली, बोट बुडवलं आणि धाकलीच्या उजव्या गालावर पावट्याएवढी तीट टेकवली. फ्लॅश उडाला.

"आई!!"

"फोटोला तीट नको? वैरीण आहेस का पोरीची?"

"ताई, टेन्शन नहीं लेवानु," जतीनभाई म्हणाले. "कॉम्प्युटरवर उडवून टाकतो."

"उडवलंस तर बघ," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. जतीनभाईंनी माऊसवरचा हात विस्तवावरून काढावा तसा काढला. फक्त ठिपका थोडा लहान केला त्यांनी, पावट्याचा मूग केला. आता तो जन्मखुणेसारखा दिसायला लागला. पासपोर्टच्या ऑफिसालाही तो जन्मखुणेसारखाच वाटला असणार, कारण थोड्या दिवसांत निळा, करकरीत पासपोर्ट घरी आला आणि त्यात धाकली, उजव्या गालावर तीळ घेऊन, एखाद्या जुन्या नटीसारखी बघत होती. तिचं कागदावरचं नावही मला तिथेच परत वाचायला मिळालं. घरात ते कुणाला आठवत नाही.

मी म्हटलं, जाऊ दे. एका तिळाने काय होतंय?

व्हिसाचे फॉर्म भरायला तलासरीला गेले. हायवेलगत नविनचं दुकान आहे. "सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील." नविनचा बाणा असा की तो एकही रकाना रिकामा सोडत नाही. रिकामा रकाना बघितला की त्याला रिकाम्या प्लॉटसारखं वाटतं, काहीतरी बांधायलाच हवं! आमचं विमानाचं तिकीट त्यानेच काढलं, सगळ्यांत स्वस्त, त्यामुळे ना बदलता येणारं ना परत करता येणारं.

"ओळखखूण?" त्याने विचारलं.

मी धाकलीच्या तोंडातून त्याचा स्टेपलर काढत होते. "काय?"

"असू दे, फोटोत दिसतेय," म्हणत त्याने पासपोर्ट बघून टाईप केलं, *उजव्या गालावर तीळ.* "आता व्हिसाच्या साइजचे नवे फोटो आणा. ताजे लागतात."

या खेपेला मी नियोजन दाखवलं! सासूबाई बाजाराला गेलेल्या बघून एकटी निघाले. बसमध्ये चढण्याआधी धाकलीचं तोंड खोबरेल लावून, मग बेसन लावून, मग परत खोबरेल लावून असं स्वच्छ केलं की भजी तळायलाच न्यावी. जतीनभाईंनी फोटो काढला. ठिपका नाही, डाग नाही, काही नाही. मी जिंकले!

"अर्ध्या तासाने या ताई, कॉपी काढून ठेवतो."

अर्ध्या तासाने पाकीट घेतलं, उघडलं. धाकलीचे डोळे बघितले. मी तिच्या फोटोत नेहमी आधी डोळे बघते, ते उमेशचे आहेत. मग बघितलं तर गालावर तीळ!

"जतीनभाई! हा कुठून आला?"

जतीनभाईंनी अभिमानाने मान डोलावली. "या वेळी लाईटमध्ये उडून गेला होता ताई. मागच्या वेळी मालूबाय केवढ्या चिडल्या! म्हणून मीच टाकला, मापात. ओळखू येतो का खोटा? नाहीच येणार!"

मी क्षणभर चिडले. मग विचार केला, पासपोर्टात तीळ, फॉर्मात तीळ, आता फोटोतही तीळ. बरंच झालं की! जुळलं सगळं! आणि पाकीट पिशवीत टाकून मी बस पकडली. कुठल्या गालावर, हे मी बघितलं नाही. डोळे बघून झाले होते ना!

व्हिसा सेंटरला जायचा दिवस उजाडला. तलासरीहून पहिलीच हायवेची बस धरायची होती, म्हणून अंधारात आवराआवर. धाकलीला टोपी, मोजे, तिच्यावर शाल असं गुंडाळून सासूबाईंनी माझ्या हाती दिलं. एवढ्या पहाटे उठून त्यांनी पोरीची तयारी केली, म्हणून माझे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांमुळेच मला पुढचं दिसलं नाही.

मुंबईत सेंटरच्या काउंटरवर एक मुलगी बसली होती. छातीवर पाटी, शितल. केस घट्ट बांधलेले, नखं स्वच्छ. माझे कागद तिने एकावर एक लावले. विमा, खोलीचं बुकिंग, उमेशच्या कंपनीचं पत्र, सासऱ्यांच्या बोटीचे कागद. "छान आहे फाईल," म्हणाली. माझी मान दोन इंच वर गेली.

मग तिने पासपोर्ट उघडला. मग फोटो घेतला. पासपोर्ट बघितला. फोटो बघितला. फॉर्म बघितला.

"मॅडम, बाळाच्या उजव्या गालावर तीळ आहे?"

"हो. म्हणजे... हो."

"फोटोत डाव्या गालावर आहे."

मी फोटो ओढून घेऊन बघितला. डावाच!

"बाळाची टोपी काढता का जरा?"

मी टोपी काढली. कपाळाच्या बरोबर मध्ये, दोन भुवयांच्या वर, चांगला वालाएवढा काळाभोर गोळा! परदेशाचे लोक बघणार म्हणून खास मोठा.

शितल धाकलीकडे बघत राहिली. धाकली शितलकडे. रांगेतल्या लोकांनी माना उंचावल्या.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "हे एकच बाळ आहे ना?"

"एकच हो! देवाशप्पथ एकच! हा तीळ नाही, तीट आहे! काजळ! पुसून दाखवते!"

मी रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं आणि घासलं. सासूबाईंचं काजळ! ते निघालं नाही, पसरलं. कपाळभर झालं. मी घाबरून आणखी घासलं. ते नाकावर उतरलं. धाकलीने भोकाड पसरलं, रडता रडता स्वतःच दोन्ही हात तोंडावर फिरवले आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत माझी लेक बेकरीच्या धुराड्यातून नुकतीच बाहेर काढल्यासारखी दिसायला लागली.

"आता तर," मागून एक गृहस्थ म्हणाले, "चौथं बाळ झालं!"

आतून एक साहेब आले. टाय लावलेले. त्यांनी पासपोर्ट, फोटो आणि धाकली अशी तीन ठिकाणी नजर फिरवली.

"हे मार्क कोणी केले?"

"एक सासूबाईंनी, एक फोटोवाल्याने, आणि हा परत सासूबाईंनी."

"फोटोवाल्याने का केला?"

"सासूबाईंच्या भीतीने."

"आजींशी बोलणं होईल?"

मी व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाने तो लावला नसता! सासूबाईंचा चेहरा आला, म्हणजे नाकापासून वरचा भाग आला. त्यांना पहिली दिसली ती काळीकुट्ट झालेली नात.

"कोणी पुसली तीट?? कोणाचा हात लागला पोरीला? योगिता!"

"आई, साहेब विचारतायत..."

"आणि ती कोण टक लावून बघतेय काचेमागून? तिला सांग आधी, बघायचं असेल तर थू थू करून बघ! पोर रडतेय बघ कशी, लागली ना नजर? लागलीच!"

साहेबांनी घसा खाकरला. "आजी, तुम्ही तीट एका जागी का नाही लावत?"

झालं! सासूबाईंनी साहेबांना नजर कशी हुशार असते, ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. साहेब ऐकत होते. रांग ऐकत होती. "आणि तू," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "एवढा गोरागोमटा, टाय बांधून बसतोस रोज लोकांपुढे. तुझी आई काही लावते की नाही तुला?"

साहेब आत गेले. जाताना त्यांचा हात आपोआप गालाकडे गेलेला मी पाहिला.

मी रडायच्या बेतात होते. नव्हे, बेत केव्हाच पार पडला होता. कडेवर काळं बाळ, समोर तीन तीळ, आणि त्या तिळांपलीकडे कुठेतरी नदीकाठचा एक बाक, त्यावर उमेश, एकटा. मी म्हटलं, "ताई, ती सात महिन्यांची आहे. तिला वाटतं तिचा बाप फोन आहे. मला तेवढंच दुरुस्त करायचंय हो."

शितलने ड्रॉवरमधून ओल्या कागदी रुमालांचं पाकीट काढलं, उठून काउंटरच्या अलीकडे आली, आणि धाकलीचं तोंड पुसायला लागली. घासून नाही, टिपून टिपून, वरून खाली. कुणाचं तरी तोंड रोज पुसणारी बाईच तसं पुसते. "माझ्या आईचंही काजळ असंच निघत नाही," एवढंच म्हणाली. मग जागेवर जाऊन तिने टकाटक टाईप केलं की गालावरची खूण ही रूढीने लावलेलं काजळ असून बाळ एकच आहे. नवा फोटो तिथेच काढला. त्यात धाकली राखाडी होती, पण धाकलीच होती!

मी घरी आले ती विजयी होऊन. खाडी पार केली होती, आता काठाला काय अडखळायचंय?

चार-पाच दिवस गेले. बोंबील उतरवायचे होते, घरापुढच्या खळ्यात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला होता, कावळे टपलेले, धाकली कमरेला बांधलेली, सासूबाई आतून हाका मारतायत, आणि फोन वाजला. बाईचा आवाज. मऊ, गोड. व्हिसासाठी काही प्रश्न विचारायचे होते. "मराठीत बोललात तरी चालेल," ती म्हणाली, आणि तिथेच माझा घात झाला. हिंदीत मी फार तर चार वाक्यं बोलले असते!

"किती दिवस राहणार तिथे?"

"तीनच हो."

"मग परत याल ना?"

"न येऊन सांगते कुणाला?"

"इथे तुमची नोकरी वगैरे?"

"नोकरी!" मी हसले. "ताई, आत्ता या क्षणी माझ्या एका हातात झाडू आहे, दुसऱ्यात फोन, कमरेला पोरगी. दिवस उगवायच्या आधी उठायचं. मासळी निवडायची, टांगायची, उलटवायची, कावळे हाकलायचे, परत टांगायची. मग स्वयंपाक. मग पोरगी. मग परत कावळे."

"पगार?"

"सासूबाई ओरडतात, तोच!"

ती हसली. कुणी माझ्या बोलण्यावर हसलं की मला राहवत नाही. घरात दिवसभर माझं बोलणं ऐकायला असतं कोण? धाकली, आणि ती फोन चाटते!

"म्हणजे परत यायचं कारण काय लिहू मी?" तिने विचारलं.

"तेच तर! आता तुम्हीही बाईच आहात, तुम्हीच सांगा. नवरा तिकडे. पोर कडेवर. समोर एवढी मोठी नदी, बसायला बाक, जेवण झाल्यावर भांडी एकाच कुकरची. आणि इकडे हा जवळा! तुम्ही आला असता परत?"

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "थँक्यू मॅडम, तुम्ही फार मोकळेपणाने बोललात."

"बाई अगदी आपल्यातली वाटली हो," मी सासूबाईंना सांगितलं. त्या दिवशी कावळेही मला गोड वाटले.

पाकीट आलं शनिवारी. खळ्यात सगळं घर जमलं. सासरे, सासूबाई, शेजारच्या दक्षाबेन, आणि व्हिडिओ कॉलवर, पाण्याच्या बाटलीला टेकून उभा केलेला उमेश. मी आधी धाकलीचा पासपोर्ट उघडला. मधल्या पानावर रंगीत, चकचकीत व्हिसा! त्यावर राखाडी धाकली!

"मळी गयो! मळी गयो!" दक्षाबेनने धाकलीला उचलून गिरकी घेतली. सासऱ्यांनी डोळे पुसले. सासूबाईंनी ताबडतोब कनवटीची डबी काढली. उमेश तिकडे स्वयंपाकघरात एका टोपीवाल्या आचाऱ्याला मिठी मारत होता.

मग मी माझा उघडला. मधलं पान कोरं. मागचं कोरं. पुढचं कोरं. आत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर छापील रकाने, आणि एका रकान्यात बरोबरची खूण. मी तो वाचला. परत वाचला.

"काय झालं?" उमेश म्हणाला. "काय गो?"

"धाकलीला मिळाला," मी म्हटलं. "मला नाही."

"का??"

"'अर्जदार मुदत संपण्याआधी परत येईल याची खात्री वाटत नाही.'"

खळ्यात इतकी शांतता झाली की एक कावळा सरळ जवळ्यावर येऊन बसला. उमेशने हळूच विचारलं, "तू त्यांना काय बोललीस?"

"काही नाही रे. खरं तेच."

नविनला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन ताई! एकीचा तर झाला!"

"अरे, सात महिन्यांचं पोर एकटं जाईल का?"

"तसं नाही जमणार," नविन गंभीरपणे म्हणाला. "स्वस्तातलं म्हणून तिला सीट घेतलेली नाही ना आपण. तिचं तिकीट मांडीवरचं आहे."

म्हणजे बघा! तीन तिळांची पोर पास झाली. जिला तोंडही धड पुसता येत नाही तिच्यावर अख्ख्या युरोपाचा विश्वास! ती जाऊन परत येईल याची त्यांना खात्री. खात्री नाही ती मांडीची.

"लाव फोन त्यांना," सासूबाई उठल्या. "मी देते हमी. म्हणावं, लग्न झाल्यापासून किती वेळा रुसून माहेरी गेली, विचारा डहाणूत. दर वेळी आली ना परत? मी आणायलासुद्धा गेले नाही कधी!"

ते ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. मी धाकलीला उचललं, फोनमधल्या उमेशला बाटलीसकट तिथेच सोडलं आणि फाटकाबाहेर पडले. "मी चालले! परत येणार नाही!" असं ओरडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

थेट किनाऱ्यावर जाऊन बसले. ओहोटी होती. धाकलीने वाळू खाल्ली. मी रडले, नंतर तिची वाळू काढली, नंतर परत रडले. म्हटलं, बसू दे त्यांना. आपण काही उठायचं नाही. होळीपर्यंत इथेच बसू. उमेश होळीला येईल तेव्हा इथूनच उचलून नेईल दोघींना. हा निश्चय इतका पक्का होता, इतका पक्का होता, की मला स्वतःचीच भीती वाटली.

मग आठवलं, जवळा उघडाच आहे. सगळे माझ्या कागदाभोवती जमलेत आणि जवळ्याकडे कुणी बघत नसणार. कावळा तर बसलाच होता. आणि धाकलीची पेजेची वेळ झालीय.

हाक कुणी मारली नव्हती. आणायलाही कुणी आलं नव्हतं. मी आपली उठले, पोरीची वाळू झटकली आणि चालायला लागले. निम्म्या वाटेवर तर चक्क पळत होते. फाटकातून आत शिरले तेव्हा सासूबाईंनी वरसुद्धा बघितलं नाही, नुसता झाडू पुढे केला, आणि मी तो घेतला.

परत येईल याची खात्री वाटत नाही, म्हणे! अहो, त्या वेळी त्या ऑफिसातलं एखादं माणूस आमच्या फाटकाशी उभं असतं ना, तर त्याने मला तिथल्या तिथे जन्मभराचा व्हिसा दिला असता!